अण्णांचं घड्याळ अण्णांचंच राहू द्या

ताई,

मी ४४ वर्षांची, परळला चाळीतल्या एका खोलीत राहते, बँकेत नोकरी करते. लॉकडाउनमध्ये मुलाच्या ऑनलाइन शाळेचा मोबाइल चार्ज होईना आणि दुकानं सगळी बंद. म्हणून व्हिडिओ बघून बघून मीच चार्जिंग पोर्ट बदललं. ते चाललं, आणि तेव्हापासून हे खूळ लागलं ते लागलंच. आता माझ्या कपाटाच्या एका खणात तीन जुने फिटनेस बँड, काच फुटलेलं एक स्मार्टवॉच, एक जुना अँड्रॉइड फोन, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आहे. मिस्टर त्या खणाला भंगारखाना म्हणतात.

प्रश्न असे आहेत. एका बँडची काच एका बाजूने आपोआप वर आली आहे, आतला सेल फुगलाय बहुतेक. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तेवढाच सेल आणि ती चार्जिंगची छोटी निळी पट्टी आणून बसवावी म्हणते. दुसरं, सासऱ्यांना (अण्णा, वय ७३, बायपास झालेली, शुगर आहे) दिवाळीत मी स्मार्टवॉच घेऊन दिलं. परवा रात्री दोन वाजता ते ‘हार्ट रेट लो’ म्हणून थरथरायला लागलं. घर जागं, अण्णा मात्र ठणठणीत. मिस्टर म्हणतात काढून ठेव, अण्णा म्हणतात हातातून काढणार नाही. मला वाटतं की त्यातली मर्यादा खाली आणावी, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर घालून बघावं. वर दुकानदार म्हणतो, सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ आलंय, तेच घ्या. तिसरं, माझ्या रोजच्या फोनवर कंपनीचं अँड्रॉइड काढून लिनिएजओएस हे मुक्त सॉफ्टवेअर टाकायचंय. आणि शेवटचं, शिकण्यासाठी एक स्मार्ट अंगठी घ्यावी का? की या वयात हे सगळं पुरे करावं?

– खणवाली, परळ

प्रिय खणवाली,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. अण्णांचं घड्याळ आधी. बाकीचं खणात पडून राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही.

त्या घड्याळाला हात लावू नका. दुसरं सॉफ्टवेअर तर नाहीच, पण मर्यादेचा आकडासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली आणू नका. तुम्हाला जमणार नाही म्हणून मी हे सांगत नाहीये. चार्जिंग पोर्ट बदलणाऱ्या बाईला सेटिंगमधला एक आकडा बदलायला किती वेळ लागतो! पण ज्या वस्तूवर घरातलं कुणीतरी विसंबून आहे ती वस्तू उचापतीची नाही. उचापती करायच्या त्या जी बिघडली तर ‘गेली तर गेली’ म्हणता येईल अशा वस्तूवर. तुमच्या चारही प्रश्नांकडे मी याच नजरेने बघणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आता रात्री दोनला काय झालं असावं ते बघू. अण्णांच्या घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना तुम्ही बघितलेच असतील. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. दिव्यांशेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून घड्याळ ठोके काढतं. म्हणजे हृदयाशी त्याचा थेट संबंध काहीच नाही, कातडीखालून परत आलेल्या उजेडावरून बांधलेला तो अंदाज आहे. बहुतेक वेळा तो चांगला असतो. पण पट्टा सैल असला, झोपेत हात अंगाखाली दबला, मनगटावर गडद गोंदण असलं, की हिशोब चुकतो. खात्री करायची असेल तर तुमच्या एखाद्या बँडवर करा. लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या राहा आणि त्याच हातावरचा आकडा बघा, मग हात खाली घेऊन पाच मिनिटांनी पुन्हा बघा. किंवा स्टेशनकडे भराभर चालताना बघा. कधीकधी बँड गोंधळतो आणि तुमच्या पावलांचा ठेकाच हृदयाचे ठोके म्हणून दाखवतो.

मात्र ‘मशीनच वेडं आहे’ म्हणून विषय मिटवू नका, कारण आकडा खराही असू शकतो. हृदयाच्या बऱ्याच रुग्णांना बायपासनंतर बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असते. मेटोप्रोलॉल हे त्यातलं नेहमी ऐकू येणारं नाव. ही गोळी ठोके कमीच ठेवते, ते तिचं कामच आहे. झोपेत प्रत्येकाचे ठोके उतरतात, त्यात ही गोळी असली की आणखी उतरतात. अशा माणसाला नेहमीच्या मर्यादेचं घड्याळ रात्री हाका मारणारच. तसं असेल तर डॉक्टरच सांगतील, मर्यादा एवढी करा. पण गोळीचा डोस जास्त होतोय किंवा ठोक्यांच्या वहनात काही अडथळा आहे, असंही निघू शकतं. घरच्या घरी आकडा खाली ओढून ठेवलात तर नेमकी हीच शक्यता झाकली जाईल.

पुढच्या वेळी घड्याळ थरथरलं तर आधी घड्याळाकडे नाही, अण्णांकडे बघा. नीट बोलताहेत का, घाम आलाय का, छातीत जड वाटतंय का, दम लागलाय का, उठून बसताना चक्कर येतेय का. यातलं काहीही असेल तर १०८ लावा किंवा सरळ इस्पितळ गाठा. परळमध्ये राहून तेवढी एक सोय तुम्हाला आहे. काही नसेल तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ठोके अनियमित असले तर तिथे फसगत होते. घरात बीपीचं मशीन असेल तर तेही लावा, त्यात ठोक्यांचा आकडा येतो. मग एका साध्या वहीत तारीख, वेळ, घड्याळाचा आकडा, बोटांचा आकडा, आणि अण्णा त्या वेळी काय करत होते एवढं लिहा. परवाच्या रात्रीचा आलेख ॲपमधून काढून ठेवा आणि या वहीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, एकदा इशारा आलाय म्हटल्यावर फोन करून लवकरची वेळ मागा.

एक गोष्ट मात्र अण्णांनाही समजावून सांगा. त्यांचं घड्याळ ईसीजी काढणारं असेल (ॲपलने २०१८मध्ये सिरीज ४पासून ही सोय आणली, आता इतरांकडेही आहे) तर तो ईसीजी एका लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा. इस्पितळात काढतात तो १२ लीडचा. ठोक्यांची लय बिघडलीय का हे घड्याळ बऱ्यापैकी सांगू शकतं, पण हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, आणि हे खुद्द ॲपलच सांगते. छातीत दुखतंय आणि घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणतंय म्हणून घरी बसून राहायचं नाही. मला काळजी आहे ती याची, रात्री दोनच्या थरथरण्याची नाही.

सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ घेऊ नका. अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. कातडीला न टोचता स्वतःच्या स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात ते वेगळे, त्यांची बारीक तार कातडीखाली जाते आणि घड्याळ फक्त तिचा आकडा दाखवतं. हे दुकानातलं घड्याळ हिरव्या दिव्यांवरून जो काही आकडा रंगवेल त्यावर अण्णांनी गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त केलं, तर जिवावर बेतेल.

मिस्टरांचं म्हणणं काढून ठेवण्याचं आहे, पण अण्णांना घड्याळ हवंय तर राहू द्या. रोज सकाळी ते आपल्या पावलांचा आकडा वाचून दाखवत असतील तर तेवढ्यासाठीही ते हातावर असणं चांगलं. फक्त रोजच्या दहा हजार पावलांचा हट्ट असेल तर तो त्यांच्या डोक्यातून काढा. तो आकडा कुठल्याही डॉक्टरने ठरवलेला नाही, १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आलाय. ७३ वर्षांच्या बायपासवाल्या माणसाने किती चालायचं हे त्यांचे डॉक्टर सांगतील.

आता सेल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचं कौतुक करावं की तुम्हाला ओरडावं, दोन्ही मनात येतंय.

बँडची काच वर आली म्हणजे आतला लिथियम पॉलिमर सेल पुरीसारखा टम्म झालाय आणि त्याने काच ढकललीय. आतलं रसायन बिघडून वायू धरतो तेव्हा असं होतं. हा सेल चार्जिंगला लावायचा नाही, काच दाबून परत चिकटवायची नाही, आणि टाचणीने वायू काढायचा तर विचारही नको. हेअर ड्रायरची गरम हवासुद्धा त्याला दाखवू नका. एका खोलीत चार माणसं झोपतात अशा घरात तो खणात, कपड्यांच्या शेजारी ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घाला आणि अख्खा बँड त्यात ठेवा. परळमध्ये वाळू शोधत फिरावं लागत नाही, दर दुसऱ्या गल्लीत टॉवर चढतोय. मग तो डबा बँडच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रावर नेऊन द्या. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत जुन्या मालाची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सेंटरवाल्याने हात झटकले तर त्याला हे ऐकवा. भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोडीने फोडतो.

म्हणजे हा बँड गेला. हात बसवायला तुमच्याकडे आणखी दोन आहेत, त्यांतला ज्याचा चार्ज टिकत नाही पण सेल सपाट आहे तो घ्या. त्याचा सेल जरूर बदला. मात्र ती निळी पट्टी आणू नका.

निळ्या पट्टीवर टीपी ४०५६ नावाची आयसी, म्हणजे चिप असते. ती किती करंट सोडेल हे तिच्या शेजारच्या एका बारक्या रेझिस्टरवर ठरतं. बाजारात मिळणाऱ्या पट्टीवर तो १.२ किलोओहमचा असतो आणि त्या हिशोबाने ती १ अँपिअर देते. मोबाइलच्या सेलला ठीक आहे. बँडमधल्या सेलची साठवण मात्र ५०-६० मिलीअँपिअर-अवरची. त्याला सोसवेल तो करंट तेवढाच, फार तर ५०-६० मिलीअँपिअर. त्याच्यावर सतरा ते वीस पट करंट ओतलात तर पुढचा फुगलेला सेल तुम्ही स्वतःच्या हाताने तयार कराल. रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा लावला तरी करंट १३० मिलीअँपिअरच्या आसपास राहतो, म्हणजे जास्तच. आणि मुळात पट्टीची गरजच नाही. बँडच्या बोर्डवर त्याची स्वतःची चार्जिंगची आयसी आहे, त्याच सेलसाठी बेतलेली. जुन्या सेलच्या तारा जिथे सोल्डर केल्यात तिथेच नव्याच्या लावल्या की झालं.

नवा सेल घेताना दोन गोष्टी बघा. सेलवर सहा आकडे छापलेले असतात, समजा ४०१०२०. म्हणजे ४ मिलिमीटर जाड, १० रुंद, २० लांब. जुन्याचे आकडे उतरवून घ्या आणि जाडीत अर्धा मिलिमीटरही वाढवू नका, काच बसणार नाही. एवढ्याशा सेलवर ३०० मिलीअँपिअर-अवर लिहिलेलं असेल तर दुकानदाराकडे बघून नुसतं हसा. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या सेलवर चार्जिंगचा कमाल व्होल्टेज काय लिहिलाय ते भिंगाने वाचा. साध्या सेलचा ४.२ व्होल्ट असतो, पण घड्याळांत आणि बँडमध्ये ४.३५ किंवा ४.४ व्होल्टचे सेल सर्रास असतात. बोर्ड ४.३५पर्यंत चढवतोय आणि तुम्ही ४.२चा सेल बसवला, तर तो रोज ओव्हरचार्ज होईल. छापील आकडा वाचता येत नसेल तर त्या बँडचा सेल बदलू नका.

बदलताना कात्रीने दोन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत. कात्री धातूची, सेल जिवंत, तिथल्या तिथे शॉर्ट. एक तार कापा, तिच्या टोकाला टेप लावा, मग दुसरी. सेलच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली एक चिंचोळं बोर्ड असतं, ते सेलचं संरक्षण, नव्या सेलवर ते आहे ना बघून घ्या. नव्या सेलची लाल तार म्हणजे प्लसच, असंही धरून चालू नका. मल्टिमीटर लावा आणि मग सोल्डर करा. काच परत बसवायला मोबाइल रिपेअरवाले वापरतात तो बी ७००० गोंद मिळतो. पण एकदा उघडलेल्या बँडला पुन्हा पाणी लावायचं नाही, डब्यावर ‘५ एटीएम’ असा पाणी सोसण्याचा आकडा छापलेला असला तरी. ती मर्यादा कारखान्यातून आलेल्या सीलची होती.

आणि हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. मुंबईच्या पावसाळ्यात घड्याळ उघडून बंद केलं की आतमध्ये दमट हवाच बंद होते. घरी काही कळत नाही, बँकेच्या एसीत गेलात की काचेच्या आतून धुकं धरतं. करायचंच झालं तर बंद करण्याआधी सगळे भाग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा.

रोजच्या फोनवर लिनिएजओएस नको. ते चांगलं आहे. २०१६च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड हे तसंच आधीचं सॉफ्टवेअर बंद पडलं तेव्हा त्याच्याच लोकांनी हे सुरू केलं, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी फोन त्याने जिवंत ठेवलेत. पण बूटलोडर, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर घालू न देणारं फोनचं कुलूप, उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि उघडलेल्या फोनवर बऱ्याच बँकांची ॲप चालायचं नाकारतात. यूपीआयचं सिम त्याच फोनमध्ये आहे. दादर मार्केटमध्ये भाजीवाल्यापुढे पेमेंट अडकलं की नव्या सॉफ्टवेअरचं कौतुक तिथल्या तिथे उतरेल. खणातल्या जुन्या फोनवर करा, सिम न घालता, त्याच्या मॉडेलसाठी आवृत्ती आहे का ते आधी बघून.

तोच जुना फोन तुम्हाला एका वेगळ्या उद्योगाला लागणार आहे, आणि माझ्या मते तुम्ही सुरुवात तिथून करावी. स्क्रूड्रायव्हर न उचलता. त्यावर नॉर्डिक कंपनीचं एनआरएफ कनेक्ट हे फुकट ॲप टाका. तुमच्या बँडमध्ये ‘हार्ट रेट ब्रॉडकास्ट’ किंवा तशा नावाची सोय असेल तर ती चालू करा आणि ॲपमध्ये स्कॅन लावा. चाळीतल्या सगळ्यांचे इअरबड, टीव्ही आणि घड्याळं यादीत येतील, त्यांतून आपला बँड शोधून जोडा. आत ‘हार्ट रेट’ नावाची सर्व्हिस दिसेल, तिचा क्रमांक १८०डी. हा क्रमांक सगळ्या कंपन्यांना सारखाच, ब्लूटूथच्या नियमांतच तो ठरलेला आहे. तिच्या आतलं २ए३७ उघडून नोटिफिकेशनचा बाण दाबा. दर सेकंदाला काही आकडे येऊन पडायला लागतील, समजा ०० ४ए. पहिला बाइट खुणांचा, दुसऱ्यात तुमचे ठोके, सोळाच्या पद्धतीत लिहिलेले. चार सोळे चौसष्ट, ए म्हणजे दहा, झाले चौऱ्याहत्तर. बँडची काच सांगते तेच, पण मधे कंपनीचं ॲप नाही, खातं नाही, कुठल्याशा देशातला सर्व्हर नाही.

हे जमलं की गॅजेटब्रिज बघा. अँड्रॉइडवरचं मुक्त ॲप आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारात मिळतं, बऱ्याच कंपन्यांचे बँड आणि घड्याळं ते कंपनीच्या ॲपशिवाय चालवतं आणि माहिती फोनमध्येच ठेवतं. काही नव्या बँडना आधी मूळ ॲपमधून एक किल्ली काढून द्यावी लागते, ते जरा किचकट आहे, पण तुम्हाला आवडेल. त्यानंतर ईएसपी ३२ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचा एक बोर्ड आणि मॅक्स ३०१०२ नावाचा सेन्सर आणा. त्यात लाल आणि इन्फ्रारेड दिवे असतात, बोट ठेवलं की नाडीची कच्ची लाट लॅपटॉपवर उमटते. बोट जरा दाबलं, जरा हललं की तिचा कसा चुथडा होतो तेही दिसतं. अण्णांच्या घड्याळाला झोपेत काय सोसावं लागतं हे त्या लाटेवरून चटकन कळेल. यातून तुम्ही ठोके कमी झाले की दिवा लावणारं यंत्र बनवाल, मला दिसतंय. बनवा. अण्णांच्या उशाशी मात्र ठेवू नका.

अंगठी शिकण्यासाठी घेताय? मग नको. वापरायला हवी असेल तर तुमची हौस, पण तिच्यात शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. सेन्सर, बोर्ड आणि वाकवलेला सेल रेझिनमध्ये ओतून बंद केलेले असतात. उघडायची म्हणजे फोडायची. सेल दमला की अख्खी अंगठी टाकून द्यायची. एवढ्या पैशांत मुद्दाम उचापतींसाठीच केलेलं घड्याळ येईल. पाइनटाइम नावाचं एक आहे, त्यावर इन्फिनीटाइम हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं, आणि अख्खं घड्याळ ६४ किलोबाइट रॅमवर भागवतं. दुसरं बँगलजेएस २, त्यावर जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहायचे आणि ब्राउझरमधून ब्लूटूथने घड्याळात सोडायचे. नवशिक्यासाठी मी दुसरं सुचवेन. दोन्ही परदेशातून मागवावी लागतील, तेव्हा कस्टम ड्युटी आधीच धरा.

अशा घड्याळांचा आग्रह मी का धरते ते पेबल नावाच्या स्मार्टवॉचवरून कळेल. २०१२मध्ये लोकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त गोळा करून ते घड्याळ २०१३मध्ये आलं. २०१६च्या शेवटी कंपनी गुंडाळली गेली, फिटबिटने तिचं उरलंसुरलं घेतलं आणि २०१८मध्ये सर्व्हर बंद झाले. ती घड्याळं तेव्हाच मेली असती, पण वापरणाऱ्या हौशी मंडळींनी स्वतःचे सर्व्हर उभे करून ती चालू ठेवली. फिटबिट पुढे गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५मध्ये गूगलने पेबलचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. एवढी वर्षं ते घड्याळ जगवणारे हे सगळे तुमच्यासारखे खणवालेच.

वयाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, तो तुम्ही मिस्टरांच्या तोंडून विचारलाय. त्यांना एवढंच सांगा की महिन्याला अमुक रक्कम या खणाची, त्याच्या वर एक रुपया नाही. बँकेतल्या बाईला ते पाळता येईल. सेकंडहँड घड्याळ घ्यायचा मोह झाला तर ते आधीच्या माणसाच्या खात्यातून सुटलेलं आहे का, ते दुकानातच आपल्या फोनला जोडून बघा. नाही जोडलं तर कितीही स्वस्तात देऊ द्या, परत ठेवा.

लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. दुसऱ्या नाहीतर चौथ्या शनिवारी जा, तेव्हा तुमची बँक बंद आणि ती दुकानं उघडी. प्रभादेवीहून स्लो पकडा, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. चिठ्ठीवर सेलचे सहा आकडे, व्होल्टेज, ईएसपी ३२, मॅक्स ३०१०२, जंपर वायर आणि बी ७००० एवढंच लिहून न्या. जुन्या सेलचा फोटोही मोबाइलमध्ये असू द्या, काउंटरवर गर्दी असली की तोंडी मापं कुणी ऐकून घेत नाही.